सात सीटांची गाडी भरून बघा, मग ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. फैजपूरला घर, केळीची शेती, जोडीला दुकान. घरात सहा जण: तुम्ही, वहिनी, ९ आणि ५ वर्षांची मुलं, वडील आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण-मेहुणे आले की आठ. रोजचं फिरणं शेत, सावदा, यावल असं, २५-३० किलोमीटरच्या आतलं. दोन-अडीच महिन्यांतून पुण्याची एक फेरी, वर्षात कधी वणी, कधी शिर्डी, कधी पंढरपूर. बजेट सगळं धरून २२ लाख. सफारी, एक्सयूव्ही७००, स्कॉर्पिओ-एन, कॅरेन्स आणि इनोव्हा हायक्रॉस अशी यादी झाली आहे, मेहुणे म्हणतात जुनी इनोव्हा क्रिस्टा घ्या, आणि डिझेल की पेट्रोल हेही ठरत नाही.

माझं जळगावात गॅरेज आहे. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वतीने ती तपासून द्यायचं कामही मी करतो. त्यामुळे लोक सात सीटांची गाडी हौसेने घेतात ते मी बघतो, आणि तीन-चार वर्षांनी विकायला काढतात तेही माझ्यासमोरच घडतं. विकणाऱ्यांची तक्रार इंजिनाबद्दल क्वचित असते. 'मागे कोणी बसायला तयार नाही', 'मागे बसवलं तर बॅगा कुठे ठेवायच्या', 'भरली की घाटात ओढत नाही', 'आईला चढता येत नाही' हीच वाक्यं फिरून फिरून कानावर येतात. यातली प्रत्येक गोष्ट पैसे भरण्याआधी अर्ध्या दिवसात कळली असती. ती कळत नाही, कारण टेस्ट ड्राइव्हला गाडीत आपण, शेजारी सेल्समन आणि मागे फार तर एक मित्र. तीन माणसांवर कुठलीही मोठी गाडी झकासच चालते.

म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि खालचं सगळं त्याच्याभोवती आहे: गाडी भरून बघा. घरची माणसं, घरच्या बॅगा आणि दुपारचं ऊन, तिन्ही घेऊन. शोरूमला आधी फोन करा आणि 'सहा जण येणार आहोत, बॅगा घेऊन येणार आहोत' असं स्पष्ट सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडे घाईने जाऊ नका. आणखी एक सोपा मार्ग आहे. इनोव्हा, एर्टिगा, कॅरेन्स या गाड्या आपल्याकडे टुरिस्टमध्ये सहज मिळतात. वणीला जायचंच आहे, तर जी घ्यायची तीच गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या आणि जाताना-येताना स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. नांदुरीपासून गडावर चढणारा घाट मागच्या सीटवर बसून चढलात की तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

आता तिसरी रांग. तिथे कोण बसणार, हे आधी ठरवा. तुमच्या घरात उत्तर उघड आहे: मुलं. आई-वडील मधल्या रांगेत, तुम्ही दोघं पुढे. मग मुलांना पुरेल एवढी तिसरी रांग चालेल असं वाटतं, पण तुमचा मोठा मुलगा आज ९ वर्षांचा आहे. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची तर तो तिथेच तुमच्याएवढा होणार. म्हणून तिसरी रांग मोठ्या माणसाच्या मापानेच तपासा.

तपासायची पद्धत अशी. आधी मधली सीट तुमच्या वडिलांना आरामात बसता येईल इतकी मागे घ्या. सेल्समन ती पुढे सरकवून मागची जागा दाखवतो, तिथेच फसगत होते. मग मागे बसा आणि मांडी व सीट यांच्या मधे हात घालून बघा. हात सहज आत गेला तर गुडघे वर आले आहेत आणि मांडीला आधार नाही, म्हणजे शरीराचं सगळं वजन कमरेवर. असं अर्धा तास चालतं, पुण्यापर्यंत नाही. यात सीट बनवणाऱ्याचा दोष कमी असतो. मागच्या फरशीखाली एक्सल, सस्पेन्शन आणि चासीची रचना असते, त्यामुळे फरशी उंच येते. छत मात्र तेवढंच. मग गादी फरशीला चिकटवूनच द्यावी लागते. ज्या गाडीचा आराखडा पहिल्यापासून तीन रांगांचा आहे तिच्यात ही अडचण कमी असते. पाच सीटांची गाडी लांबवून सात केलेली असली की ती ठळक दिसते. डोकं मागच्या काचेपासून किती लांब आहे, खिडकी डोळ्यांच्या पातळीला येते की खांद्याच्या खाली जाते, हेही बघा. बाहेरचं न दिसणाऱ्या मुलांना घाटात हमखास उलट्या होतात.

यादीतल्या गाड्यांत मला हायक्रॉसची तिसरी रांग सर्वांत मोकळी वाटते. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिमी आहे, तुमच्या यादीत सर्वांत जास्त. कॅरेन्सचा २७८० मिमी आहे आणि गाडी त्या मानाने लहान असूनही जागेचा वापर हुशारीने केलेला आहे. सफारीत मोठी माणसं बसू शकतात. एक्सयूव्ही७०० चालवायला फार छान, पण मागे गुडघे वर येतात. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग मी मोठ्या माणसांसाठी धरतच नाही.

तिसरी रांग उभी असताना सामानाचं काय होतं, हा भाग जाहिरातीत दिसत नाही. कंपन्यांचे आकडे बघा: तिसरी रांग वापरात असताना हायक्रॉसला ३०० लिटर, कॅरेन्सला २१६, एर्टिगाला २०९ आणि सफारीला ७३. ७३ लिटर म्हणजे दोन सॅक आणि पाण्याची कॅन. आपल्या माणसाचं पुण्याला जाणं म्हणजे नुसते कपडे नसतात. बामणोदची भरिताची वांगी, केळीचा घड, कुरडया-पापडांचा डबा हे बरोबर असतंच, आणि येताना तिकडचं काहीतरी. शोरूमला जाताना तुमच्या खऱ्या बॅगा न्या आणि डिक्की बंद होते का ते स्वतः बघा. छतावर कॅरिअर लावू असं अनेक जण म्हणतात. त्याला वजनाची मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, आणि उंचावर वजन गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते. वर ठेवायचंच तर हलकं वर, जड खाली. सीएनजीचा विचार कोणी तुमच्या डोक्यात घातला असेल, तर टाकी डिक्कीत बसते एवढं लक्षात ठेवा. मग मागे माणसं बसली की सामानाला जागाच नाही.

एसीवर मी जास्त बोलणार आहे, कारण आपण भुसावळ-जळगावच्या उन्हात राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उभ्या गाडीचं पोट भट्टी झालेलं असतं. मागच्या एसीचे दोन प्रकार असतात. काही गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल असते, काहींत फक्त पंखा असतो आणि तो पुढे गार झालेली हवा ओढून मागे फेकतो. विकणाऱ्याला नेमका हाच प्रश्न विचारा. व्हेंट कुठे आहेत तेही बघा. छतातून येणारी हवा चेहऱ्याला लागते. गुडघ्याजवळच्या किंवा बाजूच्या व्हेंटची हवा सीट आणि बॅगांमध्येच अडते. परीक्षा साधी आहे: दुपारी एकच्या सुमारास उन्हात उभी असलेली गाडी मागा, एसी चालू करून सगळे बसा आणि तिसऱ्या रांगेत १५ मिनिटं तुम्ही स्वतः बसा. पुढे बसलेल्यांना थंडी वाजायला लागली आणि तुम्हाला अजून घाम येतोय, तर ती गाडी आपल्या भागासाठी नाही.

पॅनोरमिक सनरूफचा हट्ट मुलं करतील. तिच्यामुळे मधल्या रांगेत डोक्यावरची जागा कमी होते, उन्हाळ्यात वरून उष्णता येते, आणि शेतातल्या धुळीने तिच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पावसाळ्यात छताच्या कडेने पाणी झिरपतं. माझ्याकडे जून-जुलैत याच कामाच्या गाड्या येतात. त्याच पैशात सनरूफ नसलेलं पण सहा एअरबॅगांचं मॉडेल मिळत असेल तर डोळे झाकून ते घ्या.

भरलेली गाडी चालते कशी, ते आता. सात मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो, वर ६० किलो सामान. म्हणजे ५०० किलोच्या पुढे. १२०० किलोच्या आसपास वजन असलेल्या एर्टिगावर हा बोजा तिच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांवर जातो. पावणेदोन टनांच्या एसयूव्हीवर तो तीस टक्क्यांच्या आत राहतो. लहान गाडी भरल्यावर वेगळीच का वाटते, त्याचं कारण हे. गॅरेजमध्ये अशी गाडी लिफ्टवर घेतली की मागच्या सस्पेन्शनमधले बम्प स्टॉप बघतो. हे रबराचे ठोकळे असतात, स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी त्यांच्यावर आपटते. घरगुती वापराच्या गाडीत ते मातीने माखलेले, मळकट असतात. कायम भरून पळवलेल्या गाडीत त्यांचं टोक घासून गुळगुळीत, चकचकीत झालेलं असतं आणि कडेने चिरा पडलेल्या असतात. जुनी गाडी घेताना खाली वाकून ही एक गोष्ट जरी बघितली तरी तिचं आयुष्य कसं गेलं ते कळतं.

टेस्ट ड्राइव्हला सगळे बसवून तीन गोष्टी करा. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवा आणि पुन्हा उचला. अजिंठा घाटात किंवा कन्नडच्या घाटात ट्रकमागे अडकल्यावर हेच करावं लागतं. ६० च्या वेगात ओव्हरटेक करण्यासाठी पाय द्या आणि इंजिन नुसता आवाज करतं की खरंच ओढतं ते बघा. आणि रिकाम्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारा. तुमच्या रिकाम्या छोट्या गाडीची सवय असलेल्या पायाला भरलेली मोठी गाडी किती पुढे जाऊन थांबते, ते त्या दिवशीच कळलेलं बरं. स्पीड ब्रेकरवर मागून 'धप्' असा आवाज आला तर सस्पेन्शनची मर्यादा संपली.

टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ते लिहिलेले असतात. पुण्याला निघताना सकाळी टायर थंड असताना दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरा. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती धोक्याची आहे. कमी हवेत टायरची बाजू सारखी वाकते, त्यानेच तो जास्त तापतो आणि फुटतो. आणखी एक: मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं जे चाक असतं ते यासाठीच आहे. नव्या गाड्यांत मोठी रिम दिमाखात दिसते, पण १८-१९ इंची रिमला टायरची बाजू बारीक असते. शेताच्या रस्त्यावरच्या दगडांना आणि खड्ड्यांना लहान रिम, जाड टायरच बरा.

आईच्या गुडघ्यासाठी सीटची उंची निर्णायक ठरेल. उभं राहिल्यावर सीट कमरेच्या थोडी खाली असली की माणूस नुसता टेकतो आणि पाय आत घेतो, गुडघ्यावर जोर येत नाही. सीट त्याहून उंच असेल तर चढावं लागतं, फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर भार. स्कॉर्पिओ-एन आणि क्रिस्टा वेगळ्या चासीवर बांधलेल्या गाड्या आहेत. स्कॉर्पिओ-एनमध्ये चढण जास्त आहे, फूटस्टेप लावली तरी दोनदा पाय उचलावा लागतो. हायक्रॉस आणि कॅरेन्स मोनोकॉक आहेत, म्हणजे बॉडी आणि चासी एकच, त्यांची फरशी खाली आहे. हे मी सांगण्यापेक्षा आईंना घेऊन जा आणि त्यांना पाच वेळा चढ-उतार करू द्या. पहिल्यांदा सगळं सोपं वाटतं, पाचव्यांदा खरं कळतं.

इथेच मधल्या रांगेत कॅप्टन सीट की बेंच हा प्रश्न येतो. तुमच्या घरासाठी मी दोन स्वतंत्र सीटांच्या बाजूने आहे. आई-वडिलांना हाताला टेकू मिळतो आणि मुलं मधल्या वाटेने मागे जातात. बेंच असली की दर वेळी सीट दुमडायची, म्हणजे आईंना उतरवायचं. आखाजीला आठ होतील त्याचं काय? वर्षातल्या त्या चार दिवसांवरून बाकी वर्षाची गाडी ठरवू नका, त्या दिवशी एक गाडी भाड्याने सांगा. तरी आठच हवे असतील तर इनोव्हा आठ सीटांतही येते.

शेतासाठी फोर बाय फोर लागेल का, असं तुम्ही विचारलंत. आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर हायवेचे टायर चिखलाने भरून गुळगुळीत होतात, मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही. त्या दिवसांत बांधावर गाडी ठेवून पायी जाण्याला पर्याय नाही. फक्त एक फरक ध्यानात घ्या. भरलेल्या गाडीचं वजन मागे जातं, चढावर आणखी मागे जातं, त्यामुळे पुढची चाकं ओढणारी गाडी ओल्या चढावर लवकर घसरते. हायक्रॉस, कॅरेन्स, सफारी या तिन्ही पुढच्या चाकांवर चालतात. डांबरी रस्त्यावर याचा त्रास नाही. तुमच्या शेतापर्यंत खडीचा रस्ता असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

सीटच्या रंगाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, म्हणून सांगतो. केळीचा चीक कापडाला लागला की काळा पडतो आणि निघत नाही. तुमच्या घरात मजुरापासून व्यापाऱ्यापर्यंत कोणीही गाडीत बसणार. बेज आतला भाग शोरूममध्येच चांगला दिसतो.

डिझेल की पेट्रोल, याचं उत्तर तुमच्या फिरण्यात आहे. तुमच्या सांगण्यावरून मी वर्षाचं फिरणं १३-१४ हजार किलोमीटर धरतो, त्यातलं निम्म्याहून जास्त छोट्या फेऱ्यांत. बीएस६, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीत धुरातली काजळी पकडायला डीपीएफ नावाचं फिल्टर असतं. ते भरत आलं की गाडी जास्तीचं डिझेल सोडून आतली काजळी जाळते. त्यासाठी सायलेन्सर चांगला तापलेला हवा, म्हणजे एका चालीने १५-२० मिनिटं पळणं हवं. फैजपूर ते सावदा हे अंतर त्याला पुरत नाही. मधेच गाडी बंद होत राहिली की ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गाडी जोर देणं थांबवते. ज्याचं रोजचं जाणं-येणं धुळे-जळगाव हायवेवर आहे त्याला डिझेलचा काहीच त्रास नाही. तुम्हाला दर आठवड्याला मुद्दाम जळगावपर्यंत एक फेरी मारावी लागेल.

पैशाच्या बाजूने बघा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के रोड टॅक्स आहे. १८ लाखांच्या गाडीवर हाच फरक ३६ हजारांचा होतो. डिझेल मॉडेलची मूळ किंमतही जास्त असते. तुमच्या फिरण्यात हे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. वर्षाला २० हजारांच्या पुढे आणि बहुतेक हायवेवर असता, तर मी उलट सांगितलं असतं. पेट्रोल टर्बो गाडी भरली आणि पाय जड असला की ॲव्हरेज बरंच खाली येतं, हे गृहीत धरा. हायब्रिड हायक्रॉस तुमच्या वापराला सगळ्यांत शोभली असती, पण ती या बजेटमध्ये बसत नाही.

सुरक्षेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी बोलतो. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या सीटवर बेल्ट कायद्याने सक्तीचाच आहे, नसल्यास १,००० रुपये दंड आहे, पण आपल्याकडे सीट कव्हर लावताना मागचे बेल्ट गादीखाली दाबून टाकतात. तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीटांना तीन बिंदूंचा बेल्ट आणि डोक्याला आधार आहे ना, खिडक्यांवरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात की मधेच संपतात, हे विचारून घ्या. ५ वर्षांच्या मुलाला बूस्टर सीट लागेलच. ती तिसऱ्या रांगेत नीट बसते का ते सीट नेऊन बघा.

क्रॅश टेस्टचे तारे बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगळे वाचा. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत सफारीला २०२३ मध्ये दोन्हींत पाच मिळाले. एक्सयूव्ही७०० ला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी चार. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी तीन. कॅरेन्सला २०२२ मध्ये दोन्हींत तीन, ही तिची कमजोर बाजू आहे आणि मी ती लपवणार नाही. हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले आहेत.

हे सगळं धरून माझा कौल असा. तुमच्या घरात तिसरी रांग रोज वापरात राहणार आहे आणि आईंचं चढणं-उतरणं महत्त्वाचं आहे, म्हणून हायक्रॉसचं साधं पेट्रोल मॉडेल आधी बघा. बजेट थोडं ताणावं लागेल, झगमगाट कमी मिळेल, पण जागा, डिक्की आणि सुरक्षा तिन्ही एकत्र मिळतील. ती ऑटोमॅटिकच येते, हे वडिलांना चालवायची असेल तर लक्षात असू द्या. ताणायचं नसेल तर कॅरेन्स, वाचलेले पैसे हातात. सफारीवर जीव असेल तर तिच्यात वाईट काही नाही, सुरक्षेत तर ती अव्वल आहे. फक्त सहा जण आणि सामान एकाच वेळी बसणार नाही, हे घरात आधीच मान्य करून घ्या. आई नसत्या आणि तिसरी रांग कधीतरीच लागली असती, तर माझा क्रम वेगळा असता.

राहिली मेहुण्यांची जुनी क्रिस्टा. कल्पना चांगली आहे. २.४ लिटरचं डिझेल इंजिन दणकट आहे, भरलेल्या गाडीला पुरून उरतं, मागची चाकं ओढतात आणि पुन्हा विकताना किंमत येते. पण याच कारणांमुळे टुरिस्टवाले तिला सर्वांत जास्त पळवतात. आधी टुरिस्ट परमिटवर असलेली आणि नंतर खासगीत बदललेली गाडी आरसीच्या इतिहासात सापडते, तो बघितल्याशिवाय इसारही देऊ नका. मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसचे रेकॉर्ड आणि टायरवरचा चार आकडी शिक्का बघा. त्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि टायरचा दुसरा संच, तोही घासलेला, असं असेल तर हिशेब जुळत नाही. तिसऱ्या रांगेखालचा गालिचा उचलून हात फिरवा. तिथे ओल आणि कुबट वास असेल तर मागच्या एसीचं पाणी आत गळतं आहे किंवा गाडी पाण्यात उभी होती. मागच्या सीट दुमडून, उघडून, पुन्हा लॉक करून बघा. एप्रिल २०२० नंतरची असेल तर डीपीएफ किती भरलाय ते स्कॅनरवर दिसतं, ते बघायला सांगा.

तुम्ही रावेर पट्ट्यातले, त्यामुळे बऱ्हाणपूरची किंवा सुरतची स्वस्त गाडी दाखवणारे एजंट तुमच्यापर्यंत येणारच. दुसऱ्या राज्यातल्या गाडीला तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. ती रक्कम मिळवली की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत होता, तो सरळ ४० टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुनी विकणारे अजून आधीच्या किमतीवरून भाव सांगतात. त्यांच्याशी बोलताना आजच्या नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवा.

क्रिस्टा ठरलीच आणि व्यवहार जळगाव-धुळ्यात असला, तर गाडी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जा. आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत जा.